दोघांपुरता स्टेक

डेल्मर वोबोरिलने स्वयंपाकघराचे पडदे भर दिवसा ओढून घेतले, मागच्या दाराला आतून कडी घातली आणि मग फ्रिजमधले दोन स्टेक ओट्यावर काढून तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. स्टेकची त्याला काळजी नव्हती. उभा जन्म गुरांत गेलेला माणूस तो. मांसाचा तुकडा कधी उलटायचा हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. काळजी होती ती बाकीच्या ताटाची.

सीडर बेंड गावात मांस पुरुषांनी भाजायचं, तेही अंगणात, शेगडीवर, हातात बिअरची बाटली धरून. बटाटा, बीन्स, मका, पाव हे सगळं बायकांचं खातं. डेल्मर आणि त्याची बायको इर्मा यांचा संसार याच वाटणीवर सुखाने चालला. इर्मा गेली तेव्हा तिचं खातं तिच्याबरोबर गेलं, आणि तेव्हापासून डेल्मर स्टेकबरोबर दुकानातल्या पावाचा तुकडा खायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. नेब्रास्कातला पुरुष तक्रार करत नाही, फार तर हवामानाबद्दल बोलतो.

पण आज लव्हॉन जेवायला येणार होती. लव्हॉन श्टुल्ट्झ शाळेत त्याच्याच वर्गातली, आता तीही एकटीच. चर्चच्या स्वयंपाकघराचा कारभार तिच्या हातात होता. गावात कोणी गेलं की दफनानंतरच्या जेवणाचं सगळं तीच बघायची. किती माणसं येतील, हॅम किती लागेल, कॉफी कोण करेल, हे तिला विचारल्याशिवाय सीडर बेंडमध्ये कोणाला नीट मरताही येत नसे. या बाईने आता घर विकायला काढलं होतं. शनिवारी तिची मुलगी डेबी अ‍ॅरिझोनाहून येऊन तिला कायमची घेऊन जाणार होती.

डेल्मरने एक वाक्य तयार केलं होतं. ‘लव्हॉन, तू इथेच राहिलीस तर बरं होईल.’ आता मुलगा चालवत असलेल्या गोठ्यात गाईंसमोर उभं राहून त्याने ते म्हणून पाहिलं होतं, आणि गाईंनी हरकत घेतली नव्हती. सीडर बेंडच्या मानाने हे वाक्य म्हणजे अगदी उघडं-नागडं प्रेम होतं. इर्माला मागणी घालताना तो नुसतं ‘घराला मागे एक खोली वाढवावी म्हणतो’ एवढंच म्हणाला होता.

आता हे वाक्य म्हटल्यावर लव्हॉन ‘नाही’ म्हणाली तर? तिचं ‘नाही’ पचवायची त्याने मनाची तयारी केली होती. गावाला ते कळलं तर मात्र पंचाईत होती, कारण मग कॅफेतली सगळी टेबलं त्याच्याकडे दुखवट्याच्या नजरेने बघत बसणार. म्हणून हा सगळा बंदोबस्त. कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी आहे यावरून इथे लोक बातम्या काढतात, तेव्हा लव्हॉनची गाडी आत घेता यावी म्हणून डेल्मरने सकाळपासून खपून गॅरेज रिकामं केलं होतं, आणि आपली पिकअप गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारामागे लावून तो मागच्या बोळाने चोरासारखा घरी आला होता. अंगणात शेगडी पेटवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या बर्निसच्या खिडकीतून शेगडीवरचे तुकडे मोजता येत असत.

टेबलावर इर्माची ठेवणीतली ताटं मांडून झाली. मेणबत्ती लावायची तयारी झाली. बटाटे धुऊन झाले. आणि इथे येऊन गाडी अडली, कारण बटाटा ओव्हनमध्ये किती वेळ ठेवायचा याचा डेल्मरला पत्ता नव्हता. पुरुषांना विचारून उपयोग नव्हता. बराच वेळ फोनकडे बघून शेवटी त्याने बर्निसला फोन लावला.

“बर्निस, एक विचारायचं होतं. बटाटा ओव्हनमध्ये किती वेळ ठेवतात?”

पलीकडे रेडिओचा आवाज बारीक झाला.

“कोण बोलतंय?”

“डेल्मर.”

“कुठला डेल्मर?”

“तुझ्या शेजारचा. गावात दुसरा आहे का?”

“दुसरा नाहीये, पण जो आहे त्याने जन्मात कधी बटाट्याची चौकशी केलेली नाही. किती बटाटे आहेत?”

बाईने बरोबर नाडी पकडली होती. डेल्मरने समोरच्या दोन बटाट्यांकडे पाहिलं.

“एक. मोठा आहे.”

“गुरुवारी तर तू कॅफेत हॅम्बर्गर खातोस.”

“आज नाही जात. जरा बरं वाटत नाहीये.”

“काय होतंय?” बर्निसचा आवाज एकदम बदलला.

डेल्मरला खोटं बोलायची सवय नव्हती. एक थाप मारल्यावर दुसरी सुचेना, म्हणून त्याने खरं काय ते सांगून टाकलं. “काही नाही गं. सकाळपासून छातीत जरा धडधडतंय.”

“डावा हात दुखतोय का?”

“हात? हो, दुखतोय की. पण ते मी आज—” गॅरेज, असं तो म्हणणार होता. गॅरेज का आवरलं, हा पुढचा प्रश्न त्याला लख्ख दिसला आणि त्याने घाईघाईने फोन ठेवून दिला. बटाट्याचं उत्तर राहूनच गेलं. मग त्याने अंदाजाने बटाटे ओव्हनमध्ये सारले, घड्याळाचं बटण फिरवलं आणि ते टिकटिकायला लागल्यावर काम झालं असं समजून तो स्टेककडे वळला.

तिकडे बर्निस खिडकीशी आली. बघते तर डेल्मरच्या स्वयंपाकघराचे पडदे बंद. दारात पिकअप नाही. तिने आधी बीन्सचं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, कारण काहीही झालं असलं तरी बीन्स लागणारच होते, आणि मग ती कोट अडकवून मागच्या दाराशी गेली. दार ढकललं तर ढिम्म. सीडर बेंडमध्ये लोक महिनाभर बाहेरगावी जातानाही दार लावत नाहीत. शेजाऱ्याला कधी काय लागेल सांगता येत नाही. दाराला आतून कडी आहे म्हटल्यावर बर्निसने मुठीने दार बडवलं.

“डेल्मर! आहेस का रे आत?”

डेल्मर ओट्याच्या आड खाली बसला होता. श्वाससुद्धा घेत नव्हता. पण त्याच्या वयाला असं बसणं सोपं असतं आणि तसंच बसून राहणं अवघड. गुडघ्यातून अशी काही कळ गेली की तोंडातून “अगं आई गं” निघून गेलं, आणि ते दाराच्या फटीतून सरळ बर्निसच्या कानात शिरलं. ती होती त्या पायांनी घरी पळाली आणि तिने रॉइसला फोन लावला.

रॉइस हा डेल्मरचा लहानपणापासूनचा मित्र, आणि गावाच्या आगीच्या बंबावर व ॲम्ब्युलन्सवर बिनपगारी काम करणाऱ्या गड्यांचा म्होरक्या. “छातीत धडधड, हाताला कळ, आतून कडी, आणि आता कण्हतोय,” बर्निसने धापा टाकत सांगितलं. रॉइसने पुढचं ऐकलंच नाही.

पावलांचा आवाज लांब गेल्यावर डेल्मर ड्रॉवरला धरून उठला. संकट टळलं असं त्याला वाटलं. लव्हॉन सहाला येणार होती, तोवर स्टेक दोन्ही बाजूंनी नुसते लाल करून ठेवावेत, ती आली की शेवटचा हात ओव्हनमध्ये फिरवावा, असा त्याचा बेत होता. त्याने इर्माचा सूर्यफुलांचा एप्रन बांधला, बिडाचा तवा गॅसवर चढवला आणि अंगणात तापवतो तसा तापवला. फरक एवढाच, की अंगणाला छप्पर नसतं. बंद खिडक्या, ओढलेले पडदे आणि इर्माच्या वेळेपासून बिघडलेला पंखा, अशा त्या खोलीत लोणी आणि मांस एकदम तव्यावर पडलं आणि बघता बघता समोरचं कॅलेंडर दिसेनासं झालं. छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला.

डेल्मर खुर्चीवर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालू लागला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरचा गावाचा भोंगाही वाजला. ‘आज कोणाच्या घरी काय झालं बिचाऱ्यांच्या,’ असं म्हणून तो खुर्चीवरच हळहळला. मग बंबाची घंटा जवळ येत गेली, फारच जवळ आली आणि त्याच्याच दारात थांबली. त्याने “आलो, आलो!” म्हणेपर्यंत मागचं दार बिजागऱ्यांसकट आत आलं, आणि त्यामागून कुऱ्हाड घेतलेला रॉइस. डेल्मर दचकून जो खाली आला तो थेट फरशीवर उताणा.

“हललास तर बघ!” रॉइस ओरडला. “सापडला रे! स्ट्रेचर आणा!”

“अरे, मला काही झालेलं नाही!”

“ऐकलंत?” रॉइस बाकीच्यांकडे वळला. “मक्याच्या यंत्रात हात गेला तेव्हा क्लिटसही हेच म्हणत होता. उचला.”

“खरंच सांगतोय, मी ठणठणीत आहे!”

“तो पण ठणठणीत म्हणाला होता,” एकाने पुष्टी दिली आणि डेल्मरला पट्ट्यांनी आवळलं. दुसऱ्याने तव्यावर विझवायची पांढरी पूड भसाभस फवारली. टी-बोनचे दोन उत्तम तुकडे त्या पुडीखाली दिसेनासे होताना डेल्मरने आडव्या अवस्थेत पाहिले आणि डोळे मिटून घेतले. रॉइसला तेही लक्षण वाईटच वाटलं.

बाहेर निम्मी गल्ली जमली होती. वारा तर असा सुटला होता की माणसं तिरकी उभी होती. स्ट्रेचर पायऱ्यांवर आलं मात्र, वाऱ्याने अंगावरची घोंगडी उचलून डेल्मरच्या तोंडावर टाकली. ती उडून जाऊ नये म्हणून रॉइसने ती त्याच्या डोक्याखाली नीट खोचून दिली. मग त्याची स्वतःची टोपी उडायला लागली, तेव्हा त्याने ती काढून छातीशी धरली. गल्लीतल्या पुरुषांनी हे पाहिलं आणि एकेकाने मुकाट्याने आपापली टोपी उतरवली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, डोळे टिपले आणि त्या ओव्हन तापवायला आपापल्या घरी गेल्या.

ॲम्ब्युलन्समध्ये तोंडावरची घोंगडी निघाल्यावर डेल्मरला एकदाचं बोलता आलं. तोवर त्याची नाडी, रक्तदाब, सगळं बघून झालं होतं आणि ते रॉइसपेक्षा चांगलं निघालं होतं.

“मग धडधड कसली होती?” रॉइसने विचारलं.

डेल्मर छताकडे बघत राहिला. “लव्हॉन जेवायला येणार आहे.”

रॉइसने रक्तदाबाचा पट्टा सोडवून गुंडाळला. “मग हे आधी सांगायचंस ना!”

“तू दार फोडून कुऱ्हाड घेऊन आत आलास. तेव्हा लव्हॉनचं सांगत बसू?”

“तेही खरंच.”

“रॉइस, कोणाला एक अक्षर बोलायचं नाही. शपथ घे. आणि मला मागच्या बोळात सोड, पुढून नको.”

रॉइसने शपथ घेतली, आणि रॉइस शब्दाचा पक्का होता. डेल्मरला बोळात उतरवून तो बंब न्यायला परत गल्लीत आला तेव्हा लोकांनी त्याला गराडा घातला. “डेल्मरचं काय झालं?” असं दहा तोंडांनी विचारलं गेलं. रॉइसने बुटांकडे पाहिलं आणि जड आवाजात म्हणाला, “मला काही बोलता येणार नाही.” मग तो बंबात बसून निघून गेला. आणखी काय सांगायला हवं होतं!

इकडे डेल्मर फुटक्या दारातून स्वयंपाकघरात शिरला. धूर घालवायला त्याने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. ओव्हन उघडला तर बटाटे गार. घड्याळाचं बटण फिरवलं होतं, ओव्हनचं फिरवायचं राहिलं होतं. गॅरेजमधल्या फ्रीजरमधून त्याने आणखी दोन स्टेक आणले, ते विटेसारखे घट्ट. सिंकमध्ये कोमट पाण्याखाली त्या विटा धरून तो उभा होता, आणि ‘निदान वाक्य तरी म्हणू’ अशी मनाची समजूत घालत होता, तोच पुढची घंटा वाजली. लव्हॉन लवकर आली! त्याने एप्रनला हात पुसले, केसांवरून फिरवले आणि दार उघडलं.

दारात चर्चचा पास्टर केंट उभा होता. नवाच होता, तरुण होता, आणि त्याने चेहरा आधीच दुःखी करून ठेवला होता. त्याच्या शेजारी त्याची बायको, तिच्या हातात गरम भांडं. डेल्मरची नजर भांड्यावर गेली. किसलेला बटाटा, चीज, क्रीम आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. सीडर बेंडमध्ये हा पदार्थ एकाच प्रसंगाला होतो. इर्माच्या वेळी याची इतकी भांडी आली होती की आठवडाभर त्याने दुसरं काही खाल्लं नव्हतं. आपण मेलो आहोत हे डेल्मरला त्या कॉर्नफ्लेक्सवरून कळलं.

पास्टरची तर बोबडीच वळली. “डेल्मर... आम्ही तुमच्या... म्हणजे तुमच्या मागे जे कोणी...”

“आत या,” डेल्मर म्हणाला. “बाहेर गार आहे.”

पास्टरची बायको किंचाळली, पण भांडं तिने सोडलं नाही. मग तिच्या मागून बीन्स घेऊन बर्निस आली.

“तू मेला नाहीस?”

“नाही गं.”

“मग मघाशी कोण मेलं?”

“कोणीच नाही.”

“आणि तो भोंगा?”

“स्टेक.”

बर्निसने भांडं टेबलावर आदळलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. “मेल्या! इर्माला काय तोंड दाखवू म्हणून मी तिकडे जीव टाकतेय! रडता रडता बीन्समध्ये मीठ घातलं की नाही तेही आठवत नाही मला!” डेल्मर कसनुसा झाला. आपल्यासाठी कोणी इतकं रडेल असं त्याला वाटलं नव्हतं. “बीन्स चांगलेच झाले असतील,” एवढंच तो म्हणाला.

एव्हाना पायऱ्यांवर रांग लागली होती. डेल्मर जिवंत आहे ही बातमी रांगेत मागे मागे जात होती, पण रांग काही मागे जात नव्हती. शिजवून आणलेलं परत नेणं या गावात होत नाही. मेलेला माणूस जिवंत निघाला म्हणून रीत थोडीच बदलते? “आणलंच आहे तर ठेवते,” असं म्हणत एकेक बाई आत आली. मका आला, लोण्यातला पाव आला, हॅम आलं, गाजर घातलेली हिरवी जेली आली. जे ताट सकाळपासून डेल्मरला जमत नव्हतं, ते मेल्याबरोबर तासाभरात त्याच्या टेबलावर जमा झालं होतं, तेही गावाला पुरेल इतकं.

आणि मग भांड्यांना जागा करताना सगळ्यांना ते दिसलं. ठेवणीतली दोन ताटं. वाइनचे दोन पेले. मधोमध मेणबत्ती. प्रत्येकाने मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि विचारलं कोणीच नाही. इथे असलं काही विचारत नाहीत.

“वारा फार आहे आज,” कोणीतरी म्हणालं.

“हो ना, फारच,” बाकीच्यांनी दुजोरा दिला आणि कोणीतरी आणलेल्या कागदी ताटांत वाढून घ्यायला सुरुवात केली.

डेल्मरला घाम फुटला. सगळ्यांना घालवून द्यायला हवं होतं आणि घालवून देणं तर शक्यच नव्हतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

लव्हॉन आली ती चर्चचं कॉफीचं थोरलं पिंप कवेत घेऊन. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. कोणी मेलं की गावात पहिला फोन तिलाच जायचा, तसा आजही गेला होता. कोणाच्याही तोंडाकडे न बघता ती गर्दीतून वाट काढत आत शिरली. लोक काही सांगायला तोंड उघडत होते, पण तिने कोणाला बोलूच दिलं नाही.

“हॅम तिकडच्या बाजूला. पाव झाका, वातड होतील. ही जेली इथे वितळायला ठेवलीत का? बाहेर ठेवा. कोणी कपबश्या काढल्या? नाही ना? मला वाटलंच.” ती सरळ ओट्याशी गेली. “सरक रे जरा, इथे प्लग आहे.”

डेल्मर सरकला. तिने प्लग लावला. बटण दाबलं. आणि तिचा हात त्या बटणावरच थांबला.

“डेल्मर?” मागे न बघता तिने विचारलं.

“हां.”

“तूच आहेस?”

“आहे.”

ती वळली. ओट्यावरचा जाड हातमोजा तिने उचलला आणि त्याच्या खांद्यावर, दंडावर, हाताला येईल तिथे फटके मारायला सुरुवात केली. “अरे, लाज वाटते का तुला? शुद्धीवर आहेस का? सगळ्या वाटेने मी रडत आलेय! गाडीचे दिवे लावायचंसुद्धा भान नव्हतं मला!”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणे! मी डेबीला फोन करून सांगितलं, शनिवारी येऊ नकोस म्हणून. ती म्हणाली, आई, त्यांची माणसं बघतील ना सगळं, तुझं काय अडलंय? मी म्हटलं, माझंच अडलंय. मग ती म्हणाली, का गं, तो तुझा कोण लागत होता?” लव्हॉनचा आवाज चिरकला. “तिला सांगायला मला काही सुचेना. आणि तू इथे एप्रन बांधून उभा!”

खोलीतल्या प्रत्येकाला अचानक आपापल्या कागदी ताटातलं काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं होतं. डेल्मरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. गोठ्यात एवढी गर्दी नव्हती. पण आता वाट बघण्यात अर्थ नव्हता, हे त्यालाही कळलं.

“लव्हॉन,” तो म्हणाला, “तू इथेच राहिलीस तर बरं होईल.”

कोणीतरी मक्याचा घास तोंडात घेतला होता, तो चावायचा थांबला.

“छे रे,” लव्हॉन म्हणाली. “उगाच कशाला. नको.”

डेल्मरचा चेहरा पडला. “बरं,” तो म्हणाला, आणि सिंककडे वळून नळ सोडला.

सबंध खोली हताश झाली. कारण सीडर बेंडमध्ये पहिला नकार हा नकारच नसतो, तो नुसता शिष्टाचार. अ‍ॅपल-पायचा तुकडा देऊ का म्हटलं तर आधी ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं तर ‘नको, खरंच’ म्हणायचं, म्हणजे समोरचा मनापासून देतोय की नाही ते कळतं. तिसऱ्यांदा म्हटलं की ताट पुढे करायचं. कोणी गाडीतून सोडतो म्हणो, ट्रॅक्टर देतो म्हणो, सगळ्याला हाच नियम. डेल्मर याच नियमाने जन्मभर अ‍ॅपल-पाय खात आला होता, पण आज भीतीने त्याचं डोकंच चालेनासं झालं होतं.

फुटक्या दारातून रॉइस आत आला होता. आपल्या शपथेने काय घोळ घातला हे कळल्यावर त्याला घरी बसवेना. त्याच्याने राहवलं नाही. “अरे, ‘बरं’ काय म्हणतोस गाढवा? पुन्हा विचार की!”

डेल्मरने नळ बंद केला. “खरंच राहा, लव्हॉन.”

“नाही रे, असं कसं? डेबीने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. तिला काय वाटेल?”

“दोन झाले,” बर्निस पुटपुटली. पास्टरने हातातला काटा ताटात ठेवला आणि हात जोडले.

डेल्मरने तयार केलेलं वाक्य संपलं होतं. ते दोनदा वापरून झालं होतं आणि दुसरं जवळ नव्हतं. त्याने ओले हात एप्रनला पुसले. मग खाली मान घालून म्हणाला, “राहा. तू गेलीस तर मला करमणार नाही. कॅफेत नाही, चर्चमध्ये नाही, कुठेच करमणार नाही.”

असं चारचौघांत बोललेला पुरुष सीडर बेंडने आजवर पाहिलेला नव्हता. दारापाशी उभे असलेले दोघे-तिघे तर ‘वारा बघून येतो’ म्हणून बाहेरच गेले. लव्हॉनने टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने साफ केली, मग दुसरी, मग नसलेलीही एक. तिचे कान लाल झाले होते.

“बरं बाई,” अखेर ती म्हणाली. “एवढा आग्रहच करतोस तर राहते थोडी.”

“थोडी म्हणजे किती?” बर्निसने विचारलं.

“तू गप गं. तोंड मिटून बीन्स वाढ.”

डेल्मरने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि धुराने फार चुरचुरतंय असं सांगितलं. खिडक्या कधीच्या उघड्या होत्या आणि मागचं दार तर जागेवरच नव्हतं. वाऱ्याने सगळ्यांचे रुमाल उडत होते. पण लोकांनी “हो हो, धूर फारच झालाय” असं एकमेकांना सांगितलं, डोळे पुसले आणि आपापली ताटं पुन्हा भरायला घेतली.